लायडर व वायुकलिल-मापन
हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म घन व द्रव कणांचे, म्हणजे वायुकलिलांचे, निरनिराळ्या उंचींवरील प्रमाण लेसर प्रकाशाने मोजण्याची पद्धत. अमेरिकेत १९६३ मध्ये जी. फीओको व एल. डी. स्मलिन यांनी माणिक लेसरचे स्पंद आकाशात सोडून परतणारा प्रकाश टिपला. परतीस लागलेल्या वेळावरून उंची कळते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पी. सी. एस. देवरा व पी. अर्नेस्ट राज यांनी १९८६ पासून नियमित निरीक्षणे घेतलेल्या लायडरची रीत निराळी होती. त्याचा आर्गॉन-आयन लेसर अखंड प्रकाश देई. त्यामुळे वेळेवरून उंची काढता येत नसे. म्हणून ग्राहक दूरदर्शक प्रेषकापासून काही अंतरावर ठेवून त्याचा कोन बदलीत व त्रिकोणमितीने उंची काढीत. लेसरपूर्व काळातील शोधदीपाचीच ही युक्ती. पण जमिनीलगतच्या ज्या थरांत स्पंद लायडर बहुधा आंधळा असतो, तेथे तीच सोयीची ठरली. रात्रीच्या या निरीक्षणांत कलिलांचे प्रमाण उन्हाळ्यात वाढलेले व पावसाळ्यात धुऊन घटलेले आढळले.

प्रकाशीय जाडी (उभ्या वातावरणस्तंभातून जाताना प्रकाश किती घटतो याचे माप) साधा लायडर सरळ मोजीत नाही. त्यासाठी कणांचे आकार व घटक गृहीत धरावे लागतात आणि उत्तर दिवसा सूर्यप्रकाशमापकाने घेतलेल्या मापनाशी ताडून पाहावे लागते.