चोळ राजांचे देवालय आणि दगडावरचा हिशेब

जीर्णोद्धार समितीने स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्या, अशी आज्ञा केली. मी इतिहासाचा पंडित नव्हे. एस. एस. सी. होऊन तहसील कचेरीत कारकुनी करणारा माणूस. परंतु दप्तर सांभाळता सांभाळता जुन्या नोंदींची गोडी लागली. त्या गोडीपोटी तामिळ देशातील चोळ राज्याची हकीगत यथामति सादर करीत आहे.

कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात हे राज्य नांदले. विजयालय चोळाने इ. स. ८५० च्या सुमारास तंजावर घेतले. त्याच्या वंशातील पहिला राजराज (इ. स. ९८५ ते १०१४) व त्याचा पुत्र राजेंद्र यांनी राज्य फार वाढविले. राजेंद्राचे आरमार इ. स. १०२५ मध्ये समुद्र ओलांडून सुमात्रा-मलायाकडील श्रीविजय राज्यावर चालून गेले.

राजराजाने तंजावरला शिवाचे महादेवालय बांधले. ते बृहदीश्वर या नावाने प्रसिद्ध आहे. इ. स. १०१० मध्ये त्याने शिखरासाठी तांब्याचा कलश दिला. शिखर सुमारे २१६ फूट उंच आहे. पाहणारा वर पाहतो. मला मात्र खालच्या भिंतींचे कौतुक वाटते. कारण त्या भिंतींवर देवळाचे सगळे दप्तर कोरलेले आहे.

राजाने आज्ञा केली की, आपण दिलेले, आपल्या थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले सर्व दान दगडावर कोरावे. ही थोरली बहीण म्हणजे कुंदवै. त्यांच्या बरोबरीने देवळाच्या कारभाऱ्याचे व इतर अधिकाऱ्यांचे दानही त्या भिंतींवर आहे. दागिन्यांचे वजन आडवल्लान नावाच्या ठरावीक वजनाने केलेले असून, हिऱ्यांवर डाग वा चीर असेल तर तेही लिहिले आहे. एक नंदादीप अखंड तेवावा म्हणून मेंढपाळाकडे ९६ मेंढ्या सोपवीत व त्याने रोज ठरलेले तूप आणून द्यावे, असा करार असे. रोकड दान गावसभांकडे व्याजाने ठेवीत. व्याज वर्षाला साडेबारा टक्के. देवळाच्या सेवेत आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, कोणती गल्ली व कितवे घर यांसह नोंदलेली आहेत. प्रत्येकीस वर्षाला १०० कलम भात मिळे.

हे सारे वैभव केवळ पुण्याईचे नव्हते. चेर व पांड्य राजांना जिंकून आणलेल्या लुटीतून काही दान केले, हेही त्या लेखांत स्वच्छ लिहिले आहे. धन कोठून आले हे लपविले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

राजराजाच्या पूर्वी, त्याच घराण्यातील पहिल्या परांतकाच्या काळी, उत्तरमेरूर गावच्या देवळात इ. स. ९१९ व ९२१ चे लेख कोरले गेले. त्यांत गावसभेच्या समित्या कशा निवडाव्यात याचे नियम आहेत. गावाचे ३० वाडे. ताडपत्रावर नावे लिहून घागरीत टाकावीत आणि अजाण मुलाच्या हातून चिठ्ठी काढावी. हा अधिकार सर्वांना नव्हता. गाव ब्राह्मणांचे व अट जमीनदारीची होती. तरी एक नियम आजही घेण्यासारखा आहे. ज्याने पूर्वी समितीवर राहून हिशेब दिला नाही, तो तर अपात्रच, पण त्याचे जवळचे नातलगही अपात्र.

इ. स. १२७९ च्या सुमारास चोळ राज्य संपले. पुढे कालांतराने तंजावर भोसल्यांकडे आले. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे घराणे इ. स. १८५५ पर्यंत तेथे होते. दुसरे सरफोजीराजे यांनी इ. स. १८०३ मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास त्याच देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरविला. मजकूर राजांच्या चिटणिसाने तयार केला. आठशे वर्षांनंतरही त्या भिंतीवर नोंद करण्याची रीत चालली, आणि तीही आपल्या भाषेत, याचा एका कारकुनाला अभिमान वाटल्यास नवल नाही.

आता आपल्या गावाकडे वळतो. मागील जीर्णोद्धाराच्या वेळी माझ्या आजीने पायलीभर ज्वारी दिली होती. ती आम्हास नेहमी सांगे. सभामंडपातील फरशीवर मोठ्या देणगीदारांची नावे आहेत, ती असावीतच. परंतु आजीची ज्वारी, आणि तिच्यासारख्या कितीकांचे दाणे, श्रमदान, बैलगाडीच्या खेपा कोठेच लिहिलेल्या नाहीत. सांगणारी माणसे गेली, तसे ते दानही गेले.

म्हणून समितीस नम्र विनंती आहे. या वेळी रुपयापासून लाखापर्यंत प्रत्येक नाव वहीत यावे, आणि जमाखर्च देवळाच्या भिंतीवर सर्वांस वाचता येईल असा लावावा. समितीत माझे सख्खे चुलते आहेत, त्यामुळे हे लिहिताना मन कचरले. पण उत्तरमेरूरचा नियम नातलगांनाही लागू होता, हे आठवून लिहिले. चुलत्यांना वाचून दाखविले, तेव्हा ते म्हणाले, "लिही. पहिला हिशेब माझाच लाव."

श्रीचरणी सर्वांची सेवा रुजू होवो. चुकभूल पदरात घ्यावी.