इतिवृत्त, ग्रामपंचायत सभेचे

ग्रामपंचायतीच्या सभेतील उपस्थिती, विषय व ठराव यांची इतिवृत्त पुस्तकात केलेली अधिकृत लेखी नोंद.

मुंबई इलाख्यात 1920 च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामपंचायतींना वैधानिक रूप मिळाले. महाराष्ट्रात सध्या 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम लागू असून त्याचे कलम 36 सभेची वेळ, स्थळ व कार्यपद्धती यांविषयी आहे (पहा : पंचायत राज्य). सभेचे तपशीलवार नियम 1959 मध्ये करण्यात आले.

दरमहा किमान एक सभा घेतली जाते. सर्वसाधारण सभेची सूचना तीन पूर्ण दिवस आधी विषयपत्रिकेसह सदस्यांना दिली जाते. अध्यक्षस्थानी सरपंच व त्याच्या अनुपस्थितीत उपसरपंच असतो. गणपूर्ती नसल्यास सभा तहकूब होते (पहा : गणपूर्ती). निर्णय बहुमताने होतात. समसमान मते पडल्यास अध्यक्षास निर्णायक मत असते.

ग्रामपंचायतीचा सचिव इतिवृत्त लिहितो. त्यात सभेचा दिनांक, स्थळ, उपस्थितांची नावे व स्वाक्षऱ्या, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक व अनुमोदक यांची नावे आणि मतविभागणी नोंदवतात. एकमत असल्यास ‘सर्वानुमते मंजूर’ असा शेरा लिहितात. पुढील सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम केले जाते व अध्यक्ष त्यावर स्वाक्षरी करतो. ग्रामसभेचे इतिवृत्त स्वतंत्र असते (पहा : ग्रामसभा).

खर्चाची मंजुरी, लेखापरीक्षण, अपील व न्यायालयीन वाद यांत इतिवृत्त पुरावा म्हणून उपयोगी पडते. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये नागरिकास त्याची प्रत मागता येते (पहा : माहितीचा अधिकार).