वसईच्या तहातले अकरावे कलम

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी केलेला तह आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो तो तैनाती फौजेपायी. किमान सहा हजार पायदळ, त्यासोबत तोफा आणि गोलंदाज, आणि या सगळ्याच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख एवढे लक्षात राहते. अकराव्या कलमाकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. पेशव्यांच्या चाकरीत निरनिराळ्या देशांचे युरोपीय ठेवण्याचा रिवाज आहे, हे ते कलम आधी मान्य करते. मग सांगते की, इंग्रजांचे एखाद्या युरोपीय राष्ट्राशी युद्ध जुंपले आणि त्या राष्ट्राचा माणूस पेशव्यांकडे राहून इंग्रजांविरुद्ध कारस्थान करताना आढळला, तर त्याला कामावरून काढावे आणि मुलखातही राहू देऊ नये. शिपायाने एका धन्याची फौज सोडून दुसऱ्याच्या फौजेत जाणे हा तोवर पगाराचा आणि दिलेल्या शब्दाचा व्यवहार होता. तू जन्मलास कुठल्या देशात, हा प्रश्न या व्यवहारात वसईला लेखी शिरला, आणि पुढच्या वर्षभरात त्याने शिंद्यांच्या कवायती फौजेचा कणा मोडला, असे माझे म्हणणे आहे.

आधीचा शिरस्ता काय होता ते पाहू. इब्राहिमखान गारदी फ्रेंच सरदार बुसीच्या हाताखाली तयार झाला, निजामाकडे राहिला, नंतर पेशव्यांकडे आला आणि पानिपतावर भाऊसाहेबांसाठी लढून मेला. धनी बदलले, पण ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी अखेरपर्यंत राहिला. बन्वा द बॉयन हा सॅव्हॉयचा माणूस. फ्रेंच सैन्यातली आयरिश पलटण, मग रशियाची फौज, मग मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीचे पायदळ असे करत तो १७८४ मध्ये महादजी शिंद्यांकडे आला. येताना त्याने अट घातली की, इंग्रजांवर मी शस्त्र धरणार नाही, आणि महादजींनी ती मानली. पूर्वीच्या धन्यावर उलटायचे नाही, हा त्या पेशाचा सभ्यपणा होता आणि नवा धनीही तो समजून घेत असे. मॅसॅच्युसेट्सचा जॉन पार्कर बॉइड निजाम आणि पेशव्यांकडे चाकरी करून मायदेशी परतला आणि १८११ मध्ये टिपेकनूच्या लढाईत अमेरिकी फौजेतून लढला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत होळकरांच्या पलटणींवर व्हिकर्स होता, तर शिंद्यांच्या पलटणींवर डॉज. दोन्हीकडे इंग्रजी नावाचे अंमलदार होते आणि त्यात कुणाला वावगे वाटले नाही. त्याच लढाईने बाजीरावाला पुण्यातून कोकणात आणि तिथून वसईला पळवले.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, ही भाडोत्री माणसे होती, जास्त पैसा दिसताच फुटली. वरवर पाहता पुरावाही आहे. २९ ऑगस्ट १८०३ रोजी गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या फौजेतल्या आपल्या प्रजाजनांना निघून येण्यास सांगितले आणि येतील त्यांना पगाराची हमी दिली. बरेच आले. पण जेम्स स्किनरचे काय झाले ते बारकाईने पाहावे. बाप स्कॉट, आई राजपूत. आई हिंदी असल्याने कंपनीच्या नियमांनी त्याला अंमलदारी बंद होती, म्हणून तो शिंद्यांच्या कंपूत, म्हणजे कवायती फौजेत, आला होता. युद्ध दिसताच शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रजी रक्ताच्या सगळ्यांना बडतर्फ केले. मी इथेच राहून लढतो, असे स्किनरने सांगितले, तरी त्याला ठेवले नाही. काही दिवसांतच खुद्द पेराँने चाकरी सोडली आणि कंपनीच्या मुलखातून जाण्याची परवानगी मागितली. दिल्लीच्या लढाईनंतर पेराँचे सुमारे दोन हजार स्वार कंपनीकडे आले, त्यांनी आपला म्होरक्या म्हणून स्किनरला निवडले. त्याने पद घेतले ते, शिंद्यांविरुद्ध मला धाडायचे नाही, या अटीवर. एकोणीस वर्षांपूर्वी द बॉयनने घातली होती तीच अट, फक्त धनी उलटे झाले होते. जन्मावरून त्याला आधी कंपनीने नाकारले आणि मग शिंद्यांच्या सेनापतीने. याला फितुरी म्हणायला माझे मन धजत नाही.

फितूर नव्हतेच असे मात्र म्हणता येत नाही. शिंद्यांची चाकरी नुकतीच सोडलेला ल्युकन ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगडच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात इंग्रजांचा वाटाड्या झाला. जुना सभ्यपणा त्याने पायदळी तुडवला. पण पगारी माणूस फुटतोच, हा नियम असता तर लासवारीची लढाई घडली नसती. १ नोव्हेंबरला तिथे उभ्या राहिलेल्या पलटणींचे युरोपीय अंमलदार निघून गेले होते. मागे राहिलेले शिपाई बहुतेक अवध आणि दुआबातले पूरबिये, म्हणजे मराठी मुलखाला परकेच. ते तोफांपाशी मरेपर्यंत लढले. अंमलदार आणि शिपाई, पगार दोघांचाही शिंद्यांच्या खजिन्यातूनच येत होता. फरक एवढाच की, जाहीरनाम्याने हाक मारली ती एकाच्या जन्माला. त्या हाकेने धन्यांच्या मनातही विष कालवले. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी व्हिकर्स, डॉड आणि रायन या आपल्याच तीन इंग्रज अंमलदारांचा शिरच्छेद केला. व्हिकर्स हा हडपसरला त्यांना विजय मिळवून देणाऱ्यांपैकी होता, हे आठवले की त्या शिक्षेचे क्रौर्य जास्तच बोचते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वसईचे कलम सौम्य आहे, त्यात सरसकट बंदी नाही, युद्ध आणि कारस्थान या दोन्ही गोष्टी घडल्या तरच ते लागू होते. तेव्हा शिंद्यांच्या कंपूंचे खापर त्याच्या माथी कसे फोडायचे? शब्दांपुरते हे खरे आहे. कलमाने कुणालाही त्या दिवशी काढले नाही. पण एका राजाने आपल्या फौजेत कोण असावे हे ठरवताना दुसऱ्या सत्तेच्या वैऱ्यांची यादी मान्य केली, आणि तीही जन्माच्या देशावरून. तत्त्व सुटले ते इथे. शिवाय कलमाची धार एकाच बाजूला होती. पेशव्यांच्या पगारावरचा इंग्रज माणूस पेशव्यांविरुद्ध वागला तर काय करायचे, याचा त्यात विचारच नाही.

त्या उणिवेची किंमत खडकीच्या लढाईत कळली. पेशव्यांच्या नावाने आणि पेशव्यांच्या पैशावर उभारलेला कवायती ब्रिगेड दापोडीला होता, त्यावर अंमलदार कंपनीचे आणि प्रमुख जॉन फोर्ड. पेशव्यांचे मुत्सद्दी मोर दीक्षित फोर्डचे स्नेही. लढाई अटळ दिसताच त्यांनी फोर्डला तटस्थ राहण्याची गळ घातली. फोर्डने सांगितले की, मला माझ्या लोकांकडे जावेच लागेल. दोघांपैकी जो वाचेल त्याने दुसऱ्याचे कुटुंब सांभाळावे, एवढेच मग ठरले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी फोर्ड दापोडीहून आपली पलटण घेऊन इंग्रजांना जाऊन मिळाला. मोर दीक्षित त्या दिवशी तोफेच्या गोळ्याने पडले, आणि तो गोळा फोर्डच्याच पलटणीच्या तोफेचा होता.