आवर्तसारणीतील रिकामे घर

आवर्तसारणीच्या तिसऱ्या गणाचा आरंभ स्कँडियम या रुपेरी धातूने होतो. त्याचा अणुक्रमांक २१ आहे. हा धातू सापडण्यापूर्वीच रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी सारणीत त्याचे घर रिकामे ठेवले होते. संस्कृतमधील ‘एक’ या शब्दावरून या अज्ञात मूलद्रव्याला त्यांनी ‘एकाबोरॉन’ म्हटले आणि त्याचा अणुभार ४४ असेल, असे भाकीत १८७१ मध्ये केले.

१८७९ मध्ये स्वीडनचे लार्स निल्सन यांना युक्झेनाइट व गॅडोलिनाइट या खनिजांत एक नवे मूलद्रव्य आढळले. स्कँडिनेव्हियावरून त्याचे नाव स्कँडियम ठेवण्यात आले. हेच ते एकाबोरॉन, हे निल्सन यांचे देशबांधव पेर क्लेव्ह यांनी दाखवून दिले. १८७५ मधील गॅलियमपाठोपाठ मेंडेलीव्ह यांचे आणखी एक भाकीत खरे ठरले आणि आवर्तसारणीवरील विश्वास दृढ झाला.

याच गणाच्या तळाशी परंपरेने ॲक्टिनियम हा किरणोत्सारी धातू मांडला जातो. त्याचा अणुक्रमांक ८९ असून आंद्रे द्बिएर्न यांनी तो १८९९ मध्ये पिचब्लेंड या खनिजातून शोधला. मात्र गणातील शेवटची दोन घरे लँथॅनम व ॲक्टिनियम यांची, की ल्युटेशियम व लॉरेन्सियम यांची, याबाबत रसायनशास्त्रज्ञांत अद्याप एकमत झालेले नाही.