सॅलॅमँडरचं पिल्लू कसं ओळखायचं? ते घरी वाढवता येतं का?

डबक्यात शेपटी हलवत पोहणारं प्रत्येक पिल्लू बेडकाचं नसतं. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत वसंताच्या सुरुवातीला डबकी साचतात. पिवळ्या ठिपक्यांच्या 'स्पॉटेड सॅलॅमँडर'ची मादी त्यांत अंडी घालते. तिथले काही निसर्गप्रेमी यातली थोडी अंडी किंवा पिल्लं घरी वाढवतात.

बेडकाचं की सॅलॅमँडरचं?

डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले दिसले, तर ते सॅलॅमँडरचं पिल्लू. बेडकाच्या टॅडपोलचे कल्ले लवकरच त्वचेखाली झाकले जातात. शिवाय टॅडपोलला मागचे पाय आधी दिसतात, तर सॅलॅमँडरच्या पिल्लाला पुढचे.

जात कशी ओळखायची?

अगदी लहान पिल्लांमध्ये हे अवघड असतं. पण काळ मदत करतो. 'मार्बल्ड सॅलॅमँडर' शरद ऋतूतच अंडी घालतो. त्यामुळे वसंतात त्याची पिल्लं बरीच मोठी झालेली असतात आणि त्यांच्या कुशीवर फिकट ठिपक्यांची रांग दिसते.

काळजी काय घ्यायची?

- पाणी थंड आणि क्लोरीनमुक्त हवं.
- ही पिल्लं मांसाहारी असतात. त्यांना डॅफ्निया किंवा डासांच्या अळ्यांसारखं हलतं, जिवंत खाद्य लागतं.
- गर्दी झाली किंवा खाणं कमी पडलं, तर ती एकमेकांचे पाय, शेपटी तोडतात.
- कल्ले आखडू लागले की पाण्याबाहेर येण्यासाठी जागा द्यावी लागते. नाहीतर ती बुडून मरू शकतात.

परत सोडायचं का?

खरा धोका इथे आहे. सॅलॅमँडरचा जीव घेणाऱ्या 'बीसॅल' बुरशीची ओळख शास्त्रज्ञांना 2013 मध्ये पटली. नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिने जवळपास संपवले होते. ती पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात आल्याचं मानलं जातं. म्हणूनच 2016 मध्ये अमेरिकेने 201 जातींच्या सॅलॅमँडरच्या आयातीवर निर्बंध आणले.

त्यामुळे पिल्लू सोडायचं तर ज्या डबक्यातून आणलं तिथेच, आणि तेही दुसऱ्या पाळीव उभयचरांच्या संपर्कात आलं नसेल तरच. मुळात पकडण्याआधी स्थानिक कायदा तपासायला हवा.

भारतात काय?

महाराष्ट्रात सॅलॅमँडर आढळत नाहीत. पावसाळ्यात आपल्या डबक्यांत दिसतात ते बेडकांचे टॅडपोल. भारतातले सॅलॅमँडर पूर्व हिमालय आणि ईशान्येत आहेत. दार्जिलिंगजवळचं जोरपोखरी अभयारण्य त्यांच्यासाठीच ओळखलं जातं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हिमालयन सॅलॅमँडरला संरक्षण आहे. त्यामुळे तिथे फिरायला गेलात, तर फोटो काढा, पिल्लू मात्र पाण्यातच राहू द्या.