आखणी आणि गवत

१९३४ साली अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर एक स्पर्धा पहिल्यांदा भरली. आज सगळे तिला मास्टर्स म्हणून ओळखतात. त्या वर्षीच्या वृत्तांतात ‘पहिला होल’, म्हणजे खेळाचा पहिला टप्पा, असा उल्लेख आला, तर तो आजचा दहावा समजायचा. पुढच्या स्पर्धेआधी मैदानाच्या दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल झाली आणि सगळे क्रमांक नऊने सरकले. हे माहीत नसलेला माणूस १९३४ चा कागद घेऊन आजच्या ऑगस्टावर उभा राहिला, तर त्याला एकही गोष्ट जागेवर सापडणार नाही आणि तो बहुधा कागदालाच खोटे ठरवील. जुन्या गोल्फ मैदानांच्या रचनेचा इतिहास शोधणाऱ्याला असे चकवे पावलोपावली भेटतात. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. कधी गोल्फची काठी हातात धरली नसेल तरी बिघडत नाही. नकाशा वाचायची आवड आणि जुन्या कागदांची धूळ सोसायची तयारी असली की पुरे.

या खेळालाच असा इतिहास का, हे आधी पाहू. कबड्डीचे किंवा टेनिसचे मैदान मापाने बांधलेले असते. एक पाहिले की सगळी पाहिली. गोल्फमध्ये चेंडू जिथे पडायचा त्या भोकाचा व्यास तेवढा सव्वाचार इंच ठरलेला आहे, आणि तोही १८९१ पासून. बाकी सगळे जागेवर सोपवलेले. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, कुठे असावी. फेअरवे, म्हणजे टीपासून पुढे जाणारा खेळाचा पट्टा, कुठे वळावा. वाळूचे बंकर कुठे खणावेत. ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या जागेचा, उतार कुणीकडे असावा, हे दर ठिकाणी कुणीतरी नव्याने ठरवते. अठरा होलांचा आकडासुद्धा वरून उतरलेला नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला बावीस होलांची फेरी होती. १७६४ मध्ये तिथल्या मंडळींनी चार आखूड होलांचे दोन लांब होल केले. तेच जाताना आणि तेच येताना खेळायचे असल्याने बाविसाचे अठरा झाले. पुढे जगाने तो आकडा उचलला.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, असा आक्षेप कुणी घेईल. आहेच. पण श्रीमंतांच्या क्लबांना एक सवय असते: ते सभांची इतिवृत्ते लिहितात, बिले फाइलला लावतात आणि भांडणेसुद्धा पत्राने करतात. संशोधकाला आणखी काय हवे?

नकाशे मात्र सुरुवातीपासून नव्हते. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड टॉम मॉरिस (१८२१–१९०८) गावोगाव जाऊन मैदाने आखून देई. जमीन पायाखाली घालायची, ग्रीनची जागा दिसली की खूण करायची, की झाली आखणी. अशा मैदानांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलेले ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे उपयोगी पडतात. मैलाला सहा इंच आणि पंचवीस इंच अशा प्रमाणांवरच्या या मालिकांत वाटा, कुंपणे, ओढे, वाळूच्या टेकड्या सगळे आहे. मोजणीदाराचा गोल्फशी काडीचा संबंध नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

विसाव्या शतकात चित्र पालटले. स्कॉटलंडच्या डॉर्नोक गावात सुतारकाम शिकलेला डोनाल्ड रॉस १८९९ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९४८ मध्ये मरेपर्यंत त्याच्या नावावर चारशेच्या आसपास मैदाने जमा झाली. इतक्या ठिकाणी स्वतः उभे राहून काम करवून घेणे एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते. काही जागी तो एकदाच गेला, काही जागी गेलाच नाही; समोच्च रेषांचा नकाशा मागवायचा आणि त्यावर आखणी करायची. म्हणजे कागदालाच मुकादमाचे काम करावे लागले. नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्ट गावी टफ्ट्स अभिलेखागारात त्याची रेखाटने जपून ठेवलेली आहेत. त्यांतले एखादे ग्रीनचे पान जवळून पाहावे. कागद चौकटींचा, त्यावर ग्रीनची बाह्यरेषा, आत कुठला भाग किती फूट उचलायचा याचे आकडे, कडेला बंकरची खोली, आणि शेजारी दोन-तीन ओळींत सूचना. नक्षीकाम नाही, छायाछटा नाहीत. मातीवर उभ्या असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत काय करायचे ते कळावे, एवढाच त्या पानाचा मतलब. क्लबांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून टांगलेले रंगीत नकाशे दिसायला सुंदर असतात. पण मला निवड करायला सांगितली तर मी हे चौकटींचे पान उचलीन.

तरीही ते पान म्हणजे मैदान नव्हे. आराखड्यात काय करायचे योजले ते कळते. काय झाले ते कळत नाही. अॅलिस्टर मॅकेन्झीचे उदाहरण घ्या. पेशाने डॉक्टर, पुढे मैदानांचा रचनाकार झालेला हा गृहस्थ १९२६ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गेला, थोड्या महिन्यांत अनेक क्लबांना सल्ले आणि आराखडे देऊन परतला. त्यांतले सर्वांत नावाजलेले, रॉयल मेलबर्नचे पश्चिम मैदान, १९३१ मध्ये खुले झाले. ते प्रत्यक्ष घडवले अॅलेक्स रसेल आणि मैदानप्रमुख मिक मॉर्कम यांनी. बंकरच्या काठांना जो डौल आहे तो कागदावरून उतरला की मॉर्कमच्या हातातून आला, हा प्रश्न आराखडा कितीही निरखला तरी सुटत नाही. आराखड्यावर सही असते रचनाकाराची. फावडे मारणाऱ्याची सही शोधायची तर मजुरीच्या हिशेबात शिरावे लागते.

आणि बांधून झाले म्हणजे संपले असेही नाही. ऑगस्टाच्या आजच्या दहाव्या होलवर, ग्रीनच्या बरेच अलीकडे, फेअरवेच्या मधोमध एक भलामोठा वेडावाकडा बंकर आहे. चांगल्या खेळाडूचा चेंडू त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मग तो तिथे कशाला? मॅकेन्झीने हा होल आखला तेव्हा ग्रीन त्या बंकरला लागूनच होते. १९३७ मध्ये रचनाकार पेरी मॅक्सवेलने ते मागे, उंचावर नेले. बंकर जागच्या जागी राहिला. मॅकेन्झीला हे पाहायला मिळाले नाही, तो जानेवारी १९३४ मध्येच वारला होता. पहिली स्पर्धासुद्धा त्याने पाहिली नाही. जमिनीवर असे निरुपयोगी काही दिसले की अभ्यासकाने थबकावे. बऱ्याचदा ती आधीच्या रचनेची उरलेली खूण असते.

हे बदल निदान ठरवून केलेले. न ठरवता होणारे बदल पकडणे अधिक अवघड. ग्रीनचे गवत रोज कापले जाते आणि यंत्र चालवणारा कडेच्या उंच गवतात पाते जाऊ नये म्हणून बोटभर आत राहतो. अंगण झाडणाऱ्याकडून कोपरे सुटतात, तसे ग्रीनचे कोपरे सुटत जातात. पन्नास वर्षांत चौकोनी ग्रीन लंबगोल होते आणि ज्या कोपऱ्यात भोक ठेवले की खेळाडूचा कस लागे तो कोपरा रफमध्ये, म्हणजे त्या उंच गवतात, गडप होतो. बंकरमधून उडालेली वाळू काठावर साचून काठ उंचावतो. हौसेने लावलेली रोपे वृक्ष होतात आणि बंकर टाळून जायची मोकळी बाजूच बुजून जाते. यातल्या कशाचाही ठराव कुठल्या सभेत झालेला नसतो, त्यामुळे इतिवृत्तात नोंद नसते. जुने पान आजच्या मोजणीवर ठेवले तरच ते दिसते. त्यासाठी दोन्ही कागदांवर न हललेले चार बिंदू लागतात, जसे क्लबहाउसचा कोपरा, रस्त्याचा छेद, पुलाचा कठडा. जुना कागद दमट हवेत आक्रसतो आणि तोही सगळीकडे सारखा नाही, म्हणून दोन बिंदूंवर भागवू नये.

पाइनहर्स्टच्या क्रमांक दोनच्या मैदानाची हकिकत या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वाचायला सांगतो. मैदान १९०७ चे, रॉसचे सर्वांत आवडते, आणि त्याच्या घराला लागूनच. एकविसाव्या शतकापर्यंत तिथे कडेपासून कडेपर्यंत हिरवेगार गवत झाले होते. मूळची वाळू आणि रानगवत गायब. २०१० मध्ये रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी जुने रूप परत आणायचे काम घेतले. त्यांना सर्वाधिक मदत झाली ती दोन गोष्टींची. १९४३ मध्ये विमानातून घेतलेली छायाचित्रे, आणि जमिनीखाली सापडलेली जुन्या पाण्याच्या नळांची ओळ. ती ओळ फेअरवेच्या मध्यातून टाकलेली होती आणि तिचे पाणी जिथवर उडे तिथवरच हिरवळ होती. म्हणजे नळ सापडला की फेअरवेची रुंदीही सापडली. सुमारे ३५ एकर गवत काढून टाकले आणि २०१४ मध्ये त्या मैदानावर यूएस ओपनच्या पुरुषांच्या आणि महिलांच्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाल्या. नळ टाकणाऱ्याला किंवा विमानातल्या कॅमेरावाल्याला रॉसच्या रचनेची पर्वा नव्हती. त्यांच्यावर मी विश्वास टाकतो तो याचसाठी.

मराठी वाचकाला हे वळण अनोळखी वाटू नये. बखर आणि अस्सल कागद यांतला फरक वि. का. राजवाड्यांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच शिकवला. क्लबने सुवर्णमहोत्सवाला काढलेली स्मरणिका ही बखरच असते: गुळगुळीत कागद, संस्थापकांचे गुणगान, आणि ऐकीव गोष्टींना आलेले वज्रलेपाचे स्वरूप. फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्लबचे पाहा. तिथले पूर्वेकडचे मैदान १९१२ मध्ये खुले झाले. त्याची आखणी करणारा ह्यू विल्सन १९१० मध्ये ब्रिटनला गेला, सात महिने तिथली मैदाने अभ्यासून परतला आणि मग कामाला लागला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. जहाजांच्या प्रवाशांच्या याद्या तपासल्या तेव्हा हा प्रवास १९१२ च्या वसंतातला निघाला, म्हणजे मैदान आखून झाल्यानंतरचा. मग आखणीमागची कल्पना कुणाची, रचनाकार चार्ल्स ब्लेअर मॅकडोनल्डच्या सल्ल्याचा वाटा किती, यावर जे रण माजले ते अजून पुरते शमलेले नाही. एका यादीने एवढे केले, आणि ती कुणी गोल्फसाठी केलेली नव्हती.

कागद आणि जमीन यांपैकी एकच उरले तर काय करता येते, याची दोन टोके अलीकडे पाहायला मिळाली. स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर आस्कर्निश येथे ओल्ड टॉमने १८९१ मध्ये आखलेले मैदान काळाच्या ओघात वाळूत आणि गुरांच्या कुरणात हरवले होते. आराखडा नव्हताच. जाणकारांनी जमिनीचे चढउतार वाचून, ग्रीनला साजेशा नैसर्गिक जागा हेरून ते पुन्हा उभे केले आणि २००८ मध्ये ते खुले झाले. उलट न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचे लिडो. मॅकडोनल्डने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दलदलीत वाळू भरून ते बांधले. त्यातल्या एका होलसाठी १९१४ मध्ये कंट्री लाइफ साप्ताहिकाने घेतलेल्या स्पर्धेतली मॅकेन्झीची पारितोषिकप्राप्त रचना वापरली होती. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने जागा घेतली आणि मैदान नामशेष झाले. उरले ते आराखडे आणि छायाचित्रे. त्यांवरून एका अभ्यासकाने संगणकावर प्रतिकृती केली, आणि तिच्या आधाराने विस्कॉन्सिनमध्ये नवे लिडो बांधले गेले. ते २०२३ मध्ये खुले झाले. आस्कर्निशमध्ये ओल्ड टॉमची जमीन आहे, पण होल त्याचेच आहेत याची खात्री नाही. लिडोमध्ये होल मॅकडोनल्डचे आहेत, पण जमीन, वारा, समुद्र काहीच त्याचे नाही. या दोहोंत ‘अस्सल’ कोणते म्हणावे यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला आस्कर्निश कल्पक वाटते आणि लिडो प्रामाणिक.

‘मूळ रूप’ हा शब्दही जपून वापरावा. पाइनहर्स्टला रॉस चाळीस वर्षे फेरफार करत होता. १९३५ पर्यंत तिथली ग्रीन गवताची नव्हतीच, वाळूची होती. त्यांतले मूळ कोणते? वर्ष सांगितल्याशिवाय ‘मूळ’ म्हणायचे नाही, हा दंडक विद्यार्थ्याने घालून घ्यावा.

आपल्याकडे हे काम जवळपास कोरे आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ चा. मुंबईत १८४२ मध्ये रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला. तो आज नाही. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, आणि पुण्यातले मैदान येरवड्याला. एखाद्याला सुरुवात करायचीच असेल तर रुमाल सोडायला जागा पुष्कळ आहेत: मुंबईतले राज्य अभिलेखागार, छावण्यांची जमीन नोंदवही, नगर भूमापनाचे नकाशे, आणि लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात केलेली मुंबईची मोजणी, जिच्यात घरे आणि वाटा बारकाईने टिपल्या आहेत. क्लबांच्या कपाटांत काय आहे ते वाळवी आणि पावसाळा यांच्या मर्जीवर, म्हणून आधी छायाचित्र काढावे आणि मग अभ्यास. जुन्या माळ्यांशी आणि कॅडींशी बोलावे. कुठला बंकर कधी बुजवला हे त्यांना सचिवांपेक्षा नेमके ठाऊक असते आणि त्यांची नावे एकाही आराखड्यावर नसतात.

आणखी एक. क्लबच्या कार्यालयात जाऊन ‘आमच्या मैदानाचा इतिहास पाहायचा आहे’ असे म्हटले की हमखास स्मरणिका हातात पडते. पाण्याच्या लाइनची जुनी ड्रॉइंग मागावीत. ती मागणारा बहुधा दुरुस्तीच्या कामाला आला आहे असे समजून कपाट उघडून देतात.