घाट, पाटे आणि इंजिन : नाशिकच्या जीपविद्येचा इतिहास

गोदावरीच्या तीर्थामुळे, त्र्यंबकेश्वराच्या सान्निध्यामुळे आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थामुळे ज्या नगरीची ख्याती भारतभर पसरली, त्या नाशिकचा इतिहास लिहिणारे सातवाहनकालीन लेण्यांपासून मोगल अमदानीतील गुलशनाबादेपर्यंत आणि तेथून पेशवाईतील वाड्यांपर्यंत सर्व पायऱ्या निष्ठेने चढतात. परंतु गेल्या पाऊण शतकात याच परिसराच्या अंगवळणी पडलेल्या एका विद्येची दखल त्यांच्या लेखणीने क्वचितच घेतली आहे. खडकाळ व चिखलाच्या वाटेवर चालणारे चारचाकी वाहन घडवणे, त्याचा भार पेलणारे पाटे मार्गाच्या मगदुरानुसार सुधारणे आणि त्याच्या इंजिनाचे दुखणे अचूक हुडकून काढणे, ही ती विद्या होय. कारखान्याचा इतिहास दफ्तरांत आणि वार्षिक अहवालांत शिल्लक राहतो. दुरुस्तीचा इतिहास कारागिराच्या हातात राहतो आणि त्या हाताबरोबरच लोपतो. म्हणूनच त्याची नोंद करणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे, असे मला मनःपूर्वक वाटते.

या विद्येची भूमी का तयार झाली, याचे उत्तर नाशिकच्या भूगोलात आहे. कोकणातून देशावर चढणारी थळघाटाची वाट, जिला आज सर्वजण कसारा घाट म्हणतात, ही प्राचीन काळापासून सोपाऱ्याच्या बंदराला नाशिकशी जोडत आली. १८६५ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग हा घाट चढून इगतपुरीस पोहोचला, तेव्हापासून त्या गावाला यंत्राचा सहवास लाभला. चढावर गाडी रेटण्यासाठी मागे जादा इंजिन जोडण्याची तेथील वहिवाट कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे. घाटमाथ्याच्या उत्तरेस पेठ, सुरगाणा, हरसूल हा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. पावसाळ्यात ओढ्यांनी तुटणारा, उन्हाळ्यात उघड्या काळ्या कातळाने चाकांना झोडपणारा हा प्रदेश. त्यातील सुरगाणा तर १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान होते. अशा मुलखात फिरतीवर निघालेल्या मामलेदाराला किंवा जंगलखात्याच्या अंमलदाराला घोडा, छकडा आणि स्वतःचे पाय यांपलीकडे दुसरे साधन नव्हते.

जीपगाडीचा जन्म मात्र दूरदेशी, युद्धाच्या निकडीतून झाला. १९४० साली अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी वाहनासाठी निविदा मागवल्या आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत हजर करण्याची अट घातली. विलीज-ओव्हरलँड कंपनीचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी त्यापूर्वीच कंपनीच्या जुन्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनावर परिश्रम करून ते ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते. त्यांनी नवे इंजिन निर्माण केले नाही. जुन्याची दुखणी एकेक करून दूर केली, भागांमधील अंतरे अधिक काटेकोर केली, पिस्टनचे वजन घटवले, धातू अधिक चिवट वापरले. २,१९९ घनसेंटिमीटरचे हे ‘गो डेव्हिल’ इंजिन हेच पुढे विलीज जीपच्या यशाचे प्रमुख कारण ठरले. रोगनिदानातून बलवर्धन, हा जो न्याय जीपच्या मूळ इंजिनाला लागू पडला, तोच पुढे नाशिकच्या कारागिरांनी आपल्या परीने चालवला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

महायुद्धाच्या काळात भारत सरकारच्या खरेदी मंडळाच्या कामानिमित्त कैलाशचंद्र महिंद्र अमेरिकेत होते. त्यांनी, त्यांचे बंधू जगदीशचंद्र यांनी आणि मलिक गुलाम महंमद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन केलेल्या पेढीने स्वातंत्र्यानंतर लवकरच विलीज जीपचे सुटे भाग आणवून ती मुंबईत माझगाव येथे जोडण्याचा उद्योग आरंभला. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तेथील पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. मुंबईहून आग्रा रस्त्याने निघालेल्या या गाडीला घाट चढून आल्यावर पहिले मोठे शहर भेटे ते नाशिक. आणि जवळच देवळालीस तोफखान्याचे लष्करी प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे लष्करी वाहनांचा राबता येथील लोकांना अपरिचित नव्हता.

ग्रामीण जनतेला जीपचे दर्शन घडले ते प्रामुख्याने सरकारी कारभाराच्या रूपाने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि विकास अधिकाऱ्याची जीप हे राज्यसत्तेचे एक नवे चिन्ह बनले. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर तर लसीकरण, पाटबंधाऱ्यांची पाहणी, दुष्काळी कामांचा बंदोबस्त आणि निवडणुकीचा प्रचार या सर्वांना जीप अपरिहार्य झाली. सरकारी वाहन बंद पडले म्हणजे केवळ एक यंत्र बंद पडत नसे; त्या दिवसाचा दौरा, त्या दौऱ्यावर अवलंबून असलेली मंजुरी आणि त्या मंजुरीवर अवलंबून असलेली विहीर अडून राहत असे. म्हणून ज्या गावी जीप जाई, त्या गावाच्या वाटेवर ती दुरुस्त करणारा कोणी तरी मिस्त्री असणे ही सार्वजनिक गरज होती.

आता त्या गाडीच्या पाट्यांकडे वळू. विलीज जीपच्या चारही चाकांवर पोलादी पाट्यांची कमान होती. लांबीने उतरत्या क्रमाच्या पट्ट्या एकावर एक रचून मध्ये सेंटर बोल्टने आवळलेल्या, ॲक्सलला यू-बोल्टने जखडलेल्या आणि एका टोकास शॅकलवर झुलणाऱ्या. या रचनेचे मोठे सामर्थ्य असे, की एकच अवयव भार पेलतो, ॲक्सलला जागी धरून ठेवतो आणि पट्ट्यांच्या परस्पर घर्षणाने काही धक्काही जिरवतो. शिवाय तुटला तर खेड्यातल्या लोहारशाळेतही तो उतरवता येतो. तिचा दोषही तेथेच आहे. पट्ट्यांमध्ये चिखल आणि गंज शिरला म्हणजे घर्षण वाढते, कमान अडते, आणि प्रत्येक खड्डा थेट चौकटीवर आणि प्रवाशाच्या कण्यावर आदळतो.

नाशिकच्या पश्चिम भागात काळ्या-पिवळ्या जीपगाड्या प्रवासी वाहतूक करू लागल्या, तेव्हा या पाट्यांची खरी कसोटी लागली. परवान्यातील आसनसंख्या कागदावर राहिली आणि बाजाराच्या दिवशी माणसे, भाताची पोती, कोंबड्यांच्या टोपल्या यांनी गाडी मागे बसू लागली. त्यावर मिस्त्रींनी पहिला उपाय केला तो मागच्या संचात एक पाटा वाढवण्याचा. दुसरा उपाय होता बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा बाक देण्याचा, आणि तिसरा अधिक जाड पाटा घालण्याचा. या तिसऱ्या उपायात विवेक लागतो. कारण पट्टीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली तर ताठरपणा आठपट होतो, आणि भरलेल्या गाडीला आधार देणारा तोच पाटा रिकाम्या गाडीला खडकावर उड्या मारायला लावतो. ज्या मिस्त्रीला हे उमगले होते, तो गिऱ्हाइकाला आधी गाडी कोठे चालते, किती भरते आणि रिकामी किती पळते हे विचारी. पान्याला हात त्यानंतर लावी.

उंची वाढवण्याच्या मोहाचेही असेच. शॅकल लांब करून किंवा ॲक्सलच्या खाली असलेला पाटा वर घेऊन गाडी उंचावता येते, ओढ्यातील धोंडे तिच्या पोटाला लागत नाहीत. परंतु त्याच क्षणी प्रोपेलर शाफ्टचा कोन तीव्र होतो, त्याच्या सांध्यांतील क्रॉस झिजू लागतात, ठरावीक वेगाला गाडी थरथरते, पुढच्या चाकांचा कल बिघडून स्टीअरिंग भरकटते, आणि गुरुत्वमध्य वर सरकल्यामुळे उतरणीवर वळताना गाडी कलंडण्याचे भय वाढते. एका अवयवात केलेली सुधारणा उरलेल्या सर्व अवयवांकडून किंमत मागते, हे या विद्येचे पहिले सूत्र आहे. शहाणा कारागीर पाटा बदलला की शॉक ॲब्सॉर्बरची लांबी, ब्रेकच्या रबरी नळीचा ताण आणि बुशांची अवस्था पाहिल्यावाचून गाडी मालकाच्या हवाली करीत नसे.

इंजिनाच्या इतिहासाला १९७३ च्या तेलसंकटाने निर्णायक वळण दिले. पेट्रोल महागले आणि जीपच्या मालकाला डिझेलचा ध्यास लागला. जुने पेट्रोल इंजिन उतरवून डिझेलचे बसवण्याचा उद्योग जोरात चालला. १९७९ मध्ये महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा परवाना मिळवला. त्या नावात चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा ९० मिलिमीटर व्यास ही हकीकतच ग्रथित आहे. पिस्टनच्या ८३ मिलिमीटरच्या धावेसह त्याचे आकारमान २,११२ घनसेंटिमीटर भरते. पुढच्या दशकात इंजिनांचा कारखाना इगतपुरीस आणि गाड्यांचा नाशिकास आला. वाफेच्या इंजिनांनी जेथे कित्येक वर्षे घाटासाठी दम घेतला, तेथेच डिझेलची इंजिने बनू लागली, आणि ‘एमएम ५४०’ सारख्या जीपमधून ती पुन्हा त्याच घाटावर चढू लागली.

याच काळात सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मायको कंपनीचा, म्हणजे आजच्या बॉशचा, डिझेल इंजेक्टर आणि नोझल बनवणारा कारखाना नाशिकच्या जीवनाचा भाग झाला होता. शहरातील मायको सर्कल हे नाव त्याचीच साक्ष देते. डिझेल इंजिनाचा प्राण नोझलमध्ये असतो. अतिशय बारीक छिद्रातून इंधन धुक्यासारखे फवारले गेले तर ते पूर्ण जळते. थेंब गळू लागला तर इंजिन ठोकते आणि धुरकटते. अशा सूक्ष्म अवयवाची निर्मिती ज्या शहरात होते, तेथील दुरुस्तीच्या दुकानांतही नोझल म्हणजे काय याची जाण खोलवर असावी, हे स्वाभाविक होय.

त्या दुकानांतील निदानाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. चढावर दम तोडणारी डिझेल जीप आली की जाणता मिस्त्री प्रथम धूर पाहतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त. तेव्हा एअर फिल्टर उघडायचा. निळा म्हणजे ऑइल जळत आहे. तेव्हा रिंगा आणि व्हॉल्व्हच्या सीलकडे संशय वळवायचा. थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेले डिझेल. त्यासाठी हीटर प्लग तपासायचे, कारण प्यूजोच्या इंजिनात इंधन प्रथम एका लहान कोठडीत पेटत असे आणि प्लग तापल्याखेरीज थंडीत ते पेट घेत नसे. इंजिन चालताना अडखळत असेल तर तो प्रत्येक इंजेक्टरच्या नळीचे नट क्रमाक्रमाने किंचित सैल करतो. तीन नळ्या एकेक करून सैल केल्यावर आवाज खचतो आणि चौथी सैल केली तरी त्यात काही फरक पडत नाही, म्हणजे अपराधी सिलिंडर तोच. गाडी मध्येच बंद पडत असेल तर त्याला इंधनाच्या नळीने एअर घेतल्याचा संशय येतो. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेसाळ डिझेल येत राहील तोवर मारत राहायचे, आणि बुडबुडा संपून अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. आणि ओढ्यात बुडून इंजिन थांबले असेल तर चावी फिरवायचीच नाही, हा दंडक. कारण पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. प्रथम इंजेक्टर किंवा प्लग उतरवायचे, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचे, ऑइल बदलायचे, मगच पुढचा विचार. स्वस्तातला आणि सुलभ संशय आधी, खर्चाचा आणि खोलातला नंतर, हे या न्यायपद्धतीचे सूत्र कोणत्याही प्रयोगशाळेला शोभावे असे आहे.

पुढील स्थित्यंतर त्वरेने घडले. २००० साली आलेल्या महिंद्रच्या बोलेरोने मागचे पाटे राखले. २००२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओने मागे कॉइल स्प्रिंग स्वीकारली. २०१० च्या थारने जुन्या जीपचा वारसा मागच्या पाट्यांसह चालवला. आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या, नाशिकातच बनणाऱ्या नव्या थारमध्ये चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग बसून थारपुरते पाट्यांचे युग समाप्त झाले. इंजिनाचे दोष आता संवेदकांतून संकेतांकांच्या रूपाने यंत्राच्या पडद्यावर उमटतात. इगतपुरीच्या डोंगरांत हौशी चालक चिखल आणि कातळ यांवर गाडी हाकण्याचे शिक्षण घेतात आणि बाजारातील उंचीवर्धक संच हौसेने बसवतात. कायद्याचा अंकुशही कडक झाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला आहे.

तथापि साधने बदलली म्हणून विद्या बदलत नाही. कॉइल स्प्रिंग उंचावली तरी शाफ्टचा कोन बिघडतोच, आणि पडद्यावर इंधनदाब कमी असल्याचा संकेतांक दिसला तरी तो नळीच्या गळतीमुळे, तुंबलेल्या फिल्टरमुळे की थकलेल्या पंपामुळे, हे क्रमाने शोधावेच लागते. जुन्या मिस्त्रीपाशी जी संपदा होती ती हत्यारांची नव्हती. प्रश्न विचारण्याच्या क्रमाची होती. आज ती पिढी वयोवृद्ध झाली आहे. नाशिकच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि स्थानिक इतिहास मंडळांनी त्यांच्या मुलाखती टिपून घ्याव्यात, पेठ-हरसूलच्या वाटांवर चाललेल्या जीपगाड्यांचे पाटे, पंप आणि दुरुस्तीच्या वह्या जतन कराव्यात, आणि धुरावरून, आवाजावरून, पाट्याच्या बाकावरून दोष ओळखण्याची ही पद्धती अभ्यासक्रमात मानाने दाखल करावी. ज्या शहराने जीपगाडी स्वतः घडवली आणि तिचे नोझलही घडवले, त्या शहराला ती नीट करणाऱ्या बुद्धीचा इतिहास लिहून ठेवणे अवघड नाही. फक्त तो इतिहास आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.